सणाचे लुगडे

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. सातिवलीतल्या एका घरी सासू व सून बोलत बसल्या होत्या. मुलाला कारखान्यात बोनस मिळाला होता. यंदा भाऊबीजेला नऊवारी नेसावी, असे सुनेच्या मनात होते.

सून म्हणाली, "आई, बाजारात पैठणी आली आहे. बाराशे रुपयांना. दुकानदार म्हणतो, अस्सल रेशीम आहे."

सासूबाई हसल्या. "बाराशेला पैठणी? अगं, एवढ्यात तिचं नुसतं रेशीमसुद्धा येत नाही. थांब, मी येते तुझ्याबरोबर."

सासूबाई म्हणाल्या ते खरे होते. पैठणी विणतात पैठणला आणि नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याला. पदरावरचा मोर हातमागावर विणतात. प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी वेगळी असते. विणकर ती एक एक हाताने फिरवतो. एका पैठणीला कित्येक आठवडे लागतात, भारी पदर असला तर महिने जातात. म्हणून ती स्वस्त नसते. तिची एक खूण आहे. पदर उलटा करून पाहावा. अस्सल पैठणीचा मोर मागूनही पुढच्यासारखाच साफ दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात, किंवा ते कापल्याच्या दशा दिसतात.

दुकानात सासूबाईंनी पदर उलटा केला. मागे धागेच धागे!

त्या दुकानदाराला म्हणाल्या, "दादा, पावतीवर 'अस्सल रेशीम' एवढं लिहून द्या. घेतो आम्ही."

दुकानदार म्हणाला, "मावशी, पावतीवर नुसतं 'साडी' लिहितो आपण."

"मग राहू द्या," सासूबाई म्हणाल्या.

यंत्रावरची साडी घेऊ नये असे नाही. ती दिसते छान, धुवायला सोपी, खिशाला परवडते. पण रेशमाचे पैसे तिला का द्यावे? रेशमी मालावर 'सिल्क मार्क'ची चिठ्ठी लावण्याची पद्धत २००४ साली सुरू झाली. हातमागाच्या मालासाठी 'हँडलूम मार्क' २००६ साली आला. भारी साडी घेताना ही चिठ्ठी मागावी. घरी पारख करायची तर काठाची एकच दशी काढावी, चिमट्यात धरून ताटलीवर जाळावी. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळते, त्याची कडक गोळी होते. गोळी गार होईपर्यंत हात लावू नये. चटका बसतो.

दोघी दुसऱ्या दुकानात गेल्या. तिथे सुती लुगडी होती. सुनेला हिरवे लुगडे आवडले. दुकानदार म्हणाला, "नऊवारी आहे."

सासूबाईंनी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत धरून मोजायला सुरुवात केली. दोन हात म्हणजे एक वार. नऊ वार म्हणजे अठरा हात. लुगडे सोळा हातांतच संपले.

दुकानदार म्हणाला, "तुमचा हात लांब आहे, आजी."

"मग टेप आणा की!"

एक वार म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर. नऊ वारांचे होतात ८ मीटर २३ सेंटीमीटर. टेपने हे लुगडे भरले ७ मीटर ३० सेंटीमीटर, म्हणजे आठच वार. बारीक अंगाच्या बाईला तेही पुरते. पण सून उंच आहे, अंगाने भरलेली आहे. तिला कासोटा घालून पदर पुरला नसता. पन्हाही पाहावा. पन्हा आखूड असला तर पोटऱ्या उघड्या पडतात. शेतात, मासळीच्या कामात बायका मुद्दाम वर नेसतात ते वेगळे.

शेवटी अठरा हातांचे पुरे लुगडे मिळाले. रंग मात्र हिरवा नव्हता, डाळिंबी होता. सुनेने रुमालाचा कोपरा ओला करून काठावर घासला. रुमाल पांढराच राहिला.

येताना सून म्हणाली, "आई, काळं घेतलं असतं तर?"

"काळी चंद्रकळा संक्रांतीला गं. तेव्हा थंडी असते, काळं कापड ऊन धरून ठेवतं. दिवाळीला आपल्यात काळं नेसत नाहीत."

ज्याची त्याची रीत. वसईतल्या ख्रिस्ती घरांत म्हाताऱ्या बायका सणाला लाल चौकड्यांचे लुगडे काढतात. ते लुगडेही नऊवारीच. रंग बदलला, चौकडा आला, म्हणून ते परके होत नाही.

उरलेल्या पैशांत नातीला परकर-पोलके झाले. परकर चार बोटे लांब शिवून आत दुमडून घेतला, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल.

आता शिवलेली नऊवारीही मिळते, चोळीसारखी अंगात चढवायची. सुनेने ती मागितली नाही. भाऊबीजेच्या आधी दोन दिवस सासूबाईंनी तिला नेसायला शिकवले. कमरेला गाठ मारायची, निऱ्या घ्यायच्या, मधला भाग पायांतून मागे नेऊन खोचायचा. पहिल्या वेळी चार पावलांतच कासोटा सुटला. नात टाळ्या पिटून हसली.

"गाठ सैल मारलीस," सासूबाई म्हणाल्या. "सोड सगळं. पुन्हा नेस."