नीतिनिर्णयाच्या कसोट्या आणि ‘मुलाचे औषध’



व्याधीचा निर्णय करताना आपण हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाचही अंगांनी विचार करतो. केवळ एका लक्षणावरून व्याधी ठरवू नये, हे विद्यार्थिदशेतच आपल्या मनावर बिंबवले जाते. परंतु ‘हे कर्म योग्य की अयोग्य’ असा प्रश्न समोर आला की आपण बहुधा एकाच लक्षणावर निर्णय देऊन मोकळे होतो. कोणी परिणामाकडे पाहतो, कोणी नियमाकडे, तर कोणी लोक काय म्हणतील याकडे. नीतिशास्त्रातील प्रमुख कसोट्यांचा परिचय करून घेणे आणि त्या आपल्याच व्यवसायातील एका प्रसंगावर लावून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रसंग

शिरूर कासार तालुक्यात सिंदफणेच्या काठी आम्ही अनेक वर्षे व्यवसाय करीत आहोत. दसरा उलटला की येथील वाड्यावस्त्या ओस पडू लागतात, मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात. अशाच एका हंगामापूर्वी एक सासूबाई सुनेला घेऊन आमच्याकडे आल्या. सुनेला दीड महिना झाला होता. सासूबाई म्हणाल्या, “साहेब, दोन लेकी झाल्या. आता या खेपेला मुलाचं औषध द्या. तुमच्या हाताला यश हाय.”

आम्ही फलघृत दिले. ते गर्भास हितकर म्हणून दिले, मुलासाठी नव्हे, अशी स्वतःची समजूतही घातली. मात्र हे वाक्य आम्ही त्यांच्यासमोर उच्चारले नाही. पुढे मुलगा झाला, पेढे आले आणि आमच्या मौनाचे रूपांतर कीर्तीत झाले. त्या घरातील धाकटी सूनही पुढे त्याच औषधासाठी आली. तिला मुलगी झाली. तेव्हा सासूबाईंनी औषधाला दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, “पथ्य मोडलं असंल हिनं.” ती मुलगी बाळंतिणीच्या मांडीवर होती आणि त्या माउलीने मान वर केली नाही.

आमच्या न बोललेल्या एका वाक्याची किंमत कोणी मोजली, हे त्या दिवशी आम्हास कळले.

२. पार्श्वभूमी

० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या बीड जिल्ह्यात १९९१ साली ९३९ होती. २००१ मध्ये ती ८९४ झाली आणि २०११ च्या जनगणनेत ८०७ वर आली. २०११ मध्ये महाराष्ट्राचे प्रमाण ८९४ होते. निसर्गतः जन्माच्या वेळी हे प्रमाण साधारणपणे ९५० च्या आसपास असते. तेव्हा ही घसरण निसर्गाची नसून माणसांच्या निर्णयांची आहे. असे निर्णय घेणारे बहुतेक लोक स्वतःला पापी समजत नव्हते. घराचा विचार केला, सुनेचे भले पाहिले, असेच ते सांगत. म्हणूनच ‘माणसे योग्य-अयोग्य कसे ठरवतात’ हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांचा राहत नाही.

३. कायद्याची मर्यादारेषा

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा असून तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये त्यात महत्त्वाची सुधारणा झाली. या कायद्याचा संबंध केवळ सोनोग्राफी यंत्राशी आहे, असा आपल्यातील अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. विशिष्ट लिंगाचा गर्भ राहावा किंवा तशी शक्यता वाढावी या हेतूने केलेली कोणतीही प्रक्रिया, चाचणी, तसेच दिलेली, लिहून दिलेली अथवा पुरविलेली कोणतीही वस्तू ‘लिंगनिवड’ या व्याख्येत येते. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा वैद्य आणि पुडी देणारा औषधालयचालक हे दोघेही या व्याख्येच्या आत आहेत. तशी जाहिरात करणे हाही स्वतंत्र अपराध आहे. पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रीवर पती व नातलगांनी सक्ती केली असावी, असे कायदा गृहीत धरतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि कायदा हा नीतीचा उंबरठा आहे, संपूर्ण घर नव्हे. आमचे मौन न्यायालयात कदाचित सिद्ध झाले नसते, परंतु त्यामुळे ते निर्दोष ठरत नाही.

४. चार कसोट्या

(अ) परिणामाची कसोटी. ज्या कर्माने अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक हित होते ते योग्य. बेंथॅम व मिल या इंग्रज विचारवंतांनी हा पक्ष मांडला. लोकमान्य टिळकांनी मंडाले येथील कारावासात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्याची ‘आधिभौतिक सुखवाद’ या नावाने सविस्तर चिकित्सा केली आहे. आयुर्वेदाने येथे एक मोलाचा भेद केला आहे. सुखायू आणि हितायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे सुखावह ते हितावह असतेच असे नाही.

(आ) कर्तव्याची कसोटी. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या मते (१७८५) आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांनी पाळावा असे आपण म्हणू शकतो का, हे पाहावे. तसेच मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये.

(इ) शीलाची कसोटी. अरिस्टॉटलच्या परंपरेत मुख्य प्रश्न ‘काय करावे’ हा नसून ‘कसे व्हावे’ हा आहे. चरकाचार्यांनी सद्वृत्त व आचाररसायन सांगितले ते याच दृष्टीने. सूत्रस्थानातील वैद्याची चतुर्विध वृत्ती, म्हणजे सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी करुणा, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि मरणोन्मुखाविषयी उपेक्षा, ही शीलाचीच घडण आहे.

(ई) संबंधाची कसोटी. कॅरल गिलिगन या अमेरिकन विदुषीने १९८२ मध्ये असे मांडले की, अनेक जण नियमांपेक्षा नात्यांतील जबाबदारीवरून निर्णय घेतात. या निर्णयाने कोण दुखावेल, कोण एकाकी पडेल, हे पाहणे म्हणजे विचाराचा कमी दर्जा नव्हे. तो विचाराचा निराळा मार्ग आहे.

५. मन प्रत्यक्षात निर्णय कसा घेते

लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने मुलांपुढे एक गोष्ट ठेवली होती. औषधालयचालकांनी ती अवश्य लक्षात ठेवावी. एका स्त्रीस जिवावरचा कर्करोग झाला आहे. गावातील औषधविक्रेत्याने त्यावरील औषध शोधले आहे, परंतु तो उत्पादनखर्चाच्या दहापट किंमत मागतो. पतीपाशी निम्मीच रक्कम जमते. विक्रेता ना किंमत कमी करतो, ना उधार देतो. पतीने औषध चोरावे काय? कोलबर्गला उत्तरात रस नव्हता, उत्तरामागील कारणात होता. शिक्षेच्या भीतीने ठरवणारा, लोकांच्या मर्जीने ठरवणारा, कायद्याने ठरवणारा आणि तत्त्वाने ठरवणारा अशा पायऱ्या त्याने मांडल्या. पुढे गिलिगन यांनी दाखविले की, काही मुली ‘चोरावे की नाही’ या चौकटीतच शिरत नाहीत. विक्रेत्याशी पुन्हा बोलता येईल का, दुसरा उपाय निघेल का, असे त्या विचारतात.

२००१ मध्ये जोनाथन हाइट यांनी आणखी एक मुद्दा पुढे आणला. नीतीविषयक निर्णय मन बहुधा क्षणार्धात, भावनेने घेते आणि बुद्धी नंतर वकिलाप्रमाणे त्याचे समर्थन शोधते. आम्ही फलघृताबाबत नेमके हेच केले. सासूबाईंना नाराज करायचे नाही, हे आधी ठरले आणि ‘गर्भास हितकर’ हे कारण मागून आले. धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशाने घडणाऱ्या कर्मास आपल्या शास्त्राने प्रज्ञापराध म्हटले आहे. आम्हास योग्य काय ते कळत होते, म्हणजे धी शाबूत होती. ढळली ती धृती.

६. कसोट्यांचा उपयोग

आता सर्वांत अवघड युक्तिवाद घेऊ. आमच्या एका व्यवसायबंधूंनी तो प्रामाणिकपणे मांडला होता. “निरुपद्रवी औषध देऊन कुटुंबास आशेवर ठेवले तर ते सोनोग्राफीकडे वळणार नाही. एक गर्भपात टळेल. मग थोडे असत्य क्षम्य का नाही?”

हा परिणामवादी युक्तिवाद आहे. तेव्हा प्रथम त्याच कसोटीवर तो पाहू. मुलगा होण्याची शक्यता औषधाविना निम्म्याहून किंचित अधिक असतेच. त्यामुळे काहीही दिले तरी निम्म्याहून अधिक घरांतून पेढे येतात आणि उरलेल्या घरांतून कोणी तक्रार घेऊन येत नाही. त्यातून वैद्याची कीर्ती वाढते. कीर्तीबरोबर ‘मुलगाच हवा’ हे मागणेही प्रतिष्ठित होते. ज्या समजुतीतून गर्भपात होतात तिलाच आपण खतपाणी घालतो. शिवाय औषध निरुपद्रवी असते हेही खरे नाही. हरियाणात झालेल्या अभ्यासांत मुलासाठी घेतलेल्या अशा औषधांचा संबंध जन्मजात व्यंगांशी व मृत अर्भक जन्मण्याशी दिसून आला. गर्भ राहिल्यानंतरचे पहिले आठवडे हे अवयव घडण्याचे असतात आणि नेमक्या त्याच काळात ही औषधे दिली जातात.

कर्तव्याची कसोटी अधिक स्पष्ट आहे. ‘रुग्णाच्या भल्यासाठी वैद्याने खोटे बोलावे’ हा नियम सर्वांनी पाळला तर कोणत्याच वैद्याच्या शब्दास मोल उरणार नाही, आपल्या खऱ्या औषधांसही नाही. शीलाची कसोटी विचारते की, मौनाची सवय लागलेला वैद्य उद्या कशाकशाबाबत मौन पाळील? आणि संबंधाची कसोटी ज्या व्यक्तीकडे बोट दाखवते तिच्याशी आम्ही त्या दिवशी एक शब्दही बोललो नव्हतो. ती म्हणजे सून. चारही कसोट्या एकाच दिशेस जातात, तेव्हा निर्णयाविषयी शंका राहू नये.

येथे पुंसवनाचा प्रश्न निघतो. चरकसंहितेत तो विधी आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमातील या मजकुरावरून वादही झाला. आमचे मत असे की, ग्रंथाविषयीचा आदर आणि आजचे ज्ञान यांत विरोध मानण्याचे कारण नाही. आप्तोपदेशाबरोबरच प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांनी परीक्षा करण्यास स्वतः चरकाचार्यांनीच शिकविले आहे. गर्भाचे लिंग पुरुषबीजाने, गर्भधारणेच्या क्षणीच निश्चित होते, हे आज प्रत्यक्ष ज्ञान आहे. नंतर दिलेल्या कोणत्याही द्रव्याने ते पालटत नाही. सुनेला दोष देणारी समजूत तर याने मुळातूनच खोटी ठरते.

७. दुसरा प्रसंग, त्याच कसोट्या

याच पट्ट्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासकीय पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. त्यातील अनेकींनी स्वतः होकार दिला होता. खाडा पडला तर पैसे कापले जातात, पाळीत फडावर पाण्याचीही सोय नसते आणि श्वेतप्रदराच्या तक्रारीवर ‘पिशवी सडली, कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते. अशा स्थितीत दिलेल्या होकारास निवड म्हणावे काय? ‘रुग्णानेच मागितले’ हे उत्तर येथेही अपुरे पडते. प्रदराची रुग्णा आपल्याकडे प्रथम येते. तिची भीती दूर करणे, योग्य तपासणीस पाठविणे आणि औषधाने बरे होणाऱ्या विकारास शस्त्रक्रिया लागत नाही हे स्पष्ट सांगणे, हे आपल्या हाती आहे.

८. आचरणासाठी

प्राणैषणा, धनैषणा व परलोकैषणा अशा क्रमाने चरकाचार्यांनी तीन एषणा सांगितल्या. धनाची इच्छा त्यांनी निषिद्ध मानली नाही, तिला प्राणानंतरचे स्थान दिले. हा क्रम व्यवहारात उतरविण्यासाठी आम्ही आता पुढील रीत पाळतो.

(१) मुलाचे औषध मागितल्यास ‘असे औषध नाही’ हे वाक्य मोठ्याने व सासूबाईंच्या समक्ष सांगावे. केवळ मौन पाळू नये.
(२) लिंग पुरुषबीजाने ठरते हे शक्यतो पतीस बोलावून सांगावे.
(३) फलघृत वा अन्य गर्भस्थापक कल्प द्यावयाचे असल्यास कारण चिठ्ठीवर लिहावे.
(४) औषधालयचालकांनी ‘पुत्रदा’ सारख्या सूचक नावांच्या निनावी पुड्या ठेवू नयेत. कोणी मागितल्यास ‘संपल्या’ म्हणू नये, ‘ठेवत नाही’ म्हणावे.
(५) मुलगी झाल्यावर त्या घरी एकदा जाऊन यावे. सूतिकापरिचर्या सांगण्याचे निमित्त पुरते.

पहिल्या वर्षी काही घरे आमच्याकडे येईनाशी झाली, हे लपविण्याचे कारण नाही. काही अद्यापही आलेली नाहीत. परंतु ती धाकटी सून परवा मुलीचा खोकला दाखवण्यास आली. त्या वेळी सासूबाई सोबत होत्या. जे वाक्य पूर्वी बोलावयाचे राहिले होते, ते आम्ही त्यांच्यासमक्ष सांगितले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सुनेने मात्र मान वर करून पाहिले.

स्वाध्याय

१. ‘आपण नाही दिले तर दुसरा देईल’ हा युक्तिवाद चारही कसोट्यांवर तपासा.
२. आपल्या व्यवसायातील असा एक प्रसंग लिहून काढा, ज्यात निर्णय आधी झाला व कारण नंतर सुचले.
३. त्या प्रसंगी धी, धृती व स्मृती यांपैकी कशाचा भ्रंश झाला होता, याचा विचार करा.