गुडमारचा पाला आणि मधुमेहाची गोळी

प्रश्न : कुंपणावर गुडमारची वेल आहे. रोज पाला खाल्ला तर मधुमेहाच्या गोळ्या सोडता येतील का?

उत्तर : गोळ्या मुळीच सोडू नका. गुडमार, म्हणजेच बेडकीचा पाला, ही रुईच्या कुळातली वेल. समोरासमोर लवदार पानं, बेचक्यात पिवळसर बारीक फुलांचे झुबके. तरीही वेलीची ओळख जाणकाराकडूनच पटवून घ्या. पान चावून साखर तोंडात टाकली की ती वाळूसारखी बेचव लागते. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोडाच्या संवेदकांना चिकटतात. अर्ध्या-पाऊण तासाने चव परतते. फार विलक्षण गुण आहे हा! मात्र जिभेवरची गोडी गेली म्हणून रक्तातली साखर उतरली, असं होत नाही.

काही लहान अभ्यासांत साखर कमी झालेली आढळली, पण त्यातल्या गाजलेल्या प्रयोगांत रुग्णांची नेहमीची औषधं किंवा इन्सुलिन चालूच होतं. गोळीच्या जोडीला पाला घेतल्यास साखर एकदम घसरू शकते : दरदरून घाम, हातांना कंप, भोवळ. म्हणून पाला सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, आणि गर्भवतींनी तो घेऊच नये.