ऑनर्सचे चौथे वर्ष करावे का?

प्रश्न : मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. ऑनर्ससाठी आणखी एक वर्ष द्यावे का? – एक विद्यार्थिनी, पेण

उत्तर : एम.ए. करायचे असेल तर जरूर द्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनंतर पदवी मिळते, चार वर्षांनंतर ऑनर्स, पुढे एम.ए. एका वर्षात होते. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. प्रकल्पाचे विषय दारातच आहेत : पेणचे गणेशमूर्ती कारखाने, रोह्यातील धाटावच्या औद्योगिक वसाहतीने बदललेली गावे. मात्र चौथे वर्ष प्रत्येक महाविद्यालयात नसते. तुमच्या विषयाला मान्यता आहे का, हे कार्यालयात आधी विचारा. नोकरीची निकड असेल, तर तीन वर्षांची पदवीही पूर्ण पदवीच आहे.