शेवग्याचा पाला: चहा करावा की चूर्ण?



शेवग्याच्या पाल्याचा चहा प्यायला की रक्त वाढतं, असं हल्ली मोबाईलवर फिरतंय. आपल्यापैकी काही जणी पाला वाळवून विकायचाही विचार करतात. म्हणून या वेळच्या पाठात याचा हिशोब मांडू या. हिशोब तर आपल्याला चांगलाच जमतो!

पाल्यात काय असतं?
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यानुसार 100 ग्रॅम ओल्या पाल्यात सुमारे 314 मिलिग्रॅम कॅल्शियम, साडेचार मिलिग्रॅम लोह आणि 6 ग्रॅम प्रथिनं असतात. बाकी पाऊण हिस्सा पाणीच. म्हणजे किलोभर निवडलेली पानं वाळली की पाव किलोच्या आसपास उरतात आणि सत्त्व त्यात एकवटतं.

मग चहा का नको?
चहा जरूर प्या, पण पोषणासाठी त्यावर अवलंबून राहू नका. प्रथिनं आणि अ जीवनसत्त्व देणारा भाग पाण्यात फारसा उतरत नाही, तो गाळणीतल्या चोथ्यातच राहतो. चूर्ण केलं तर पान पूर्ण पोटात जातं. पिठलं, वरण, थालीपीठ, भाकरीचं पीठ, कशातही एक चमचा घाला. वरून लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. जेवणाच्या आधी-नंतर तासभर आपला नेहमीचा चहा मात्र टाळा, तो लोह अडवतो.

वाळवायची रीत
1. रस्त्याकडेचा किंवा फवारणी झालेला पाला घेऊ नका. पावसाळ्यात सुरवंट असतात, पानं उलटून बघा.
2. दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवा, निथळा, काड्या काढा.
3. सावलीत, हवेशीर खोलीत सुती कापडावर पातळ पसरा. कडक उन्हात रंग जातो आणि अ जीवनसत्त्वही.
4. रोज वर-खाली करा. मुठीत दाबल्यावर कुरकुरीत चुरा झाला की तयार. जरा जरी ओल राहिली तरी बुरशी येते.
5. दळा, चाळा, कोरड्या घट्ट डब्यात अंधारात ठेवा. वास बदलला तर टाकून द्या.

आता महत्त्वाचं
मोठ्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं. चहाचा एक चमचा चूर्ण म्हणजे दोन-तीन ग्रॅम. त्यातून मिळतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम! म्हणजे चूर्ण हा जेवणाला जोड आहे, औषध नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 100 पैकी 54 बायकांना रक्तक्षय आढळला. ‘मी पाला खाते, मला गोळी नको’ असं म्हणून लोहाची गोळी बंद करणं बाळंतपणात जिवावर बेतू शकतं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली आलं, तर आशाताईंना भेटा आणि गोळ्या पूर्ण घ्या. गरोदर असाल, किंवा साखरेच्या, बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर रोज चूर्ण घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. शेवग्याची साल किंवा मूळ तर गरोदरपणी अजिबात घेऊ नका.

विकायचं असेल तर
आधी अन्न परवान्याची नोंदणी करा. पाकिटावर बनवल्याची तारीख, वजन आणि गटाचं नाव लिहा. ‘रक्त वाढवतं’, ‘आजार बरा करतं’ असं लिहू नका. ते कायद्यात बसत नाही, आणि आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या बाईची फसवणूकही होते.

पुढच्या बैठकीत
प्रत्येकीने आपलं शेवटचं हिमोग्लोबिन कधी तपासलं ते सांगायचं. वर्ष उलटलं असेल, त्यांची यादी करून एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून उपकेंद्रात जायचं. आणि ज्यांच्या दारात शेवगा नाही, त्यांनी शेजारणीकडून एक फांदी मागून लावायची. फांदीपासूनही झाड सहज येतं.