पत्र गेले कुठे?

वाचकहो, 'पत्र पाठविले' आणि 'पत्र पोचले' या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका मुलीची स्पर्धा हुकली, तेव्हा शिकलो.

मे महिन्याच्या सुट्टीत डिचोली तालुक्यातील एका वाचनालयाने शाळकरी मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली होती. नावनोंदणीसाठी तेथील संगणकावर पीएचपी भाषेत एक छोटा प्रोग्राम मी लिहून दिला. मुलाने नाव आणि ई-मेलचा पत्ता भरला की नोंद व्हावी व स्पर्धेचा दिवस कळविणारे पत्र त्याला जावे, एवढेच त्याचे काम. पडद्यावर अक्षरे उमटत : 'आपणांस पत्र पाठविले आहे.' मी खूष होतो.

डिचोलीच्या मुलांनी फलकावर तारीख वाचली. पण मावशीकडे आलेली एक मुलगी नाव घालून पेडण्याला परतली होती. ती पत्राची वाट पाहत राहिली. स्पर्धा झाल्यावर तिचे वडील मला म्हणाले, "बाबा, तुझ्या यंत्राने पत्र पाठविले म्हणून सांगितले. आम्ही विश्वास ठेवला." मला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री प्रोग्राम उघडला. पत्र पाठविणाऱ्या 'मेल' या आज्ञेमागे मी 'ॲट'चे चिन्ह घातले होते. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी माणसाचे नाव व संगणकाचे नाव जोडण्यासाठी हेच चिन्ह निवडले. पीएचपीत मात्र आज्ञेमागे ते घातले की चुकीची सूचना दडपली जाते. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून मी ते घातले होते! शिवाय आज्ञा सफल झाली की नाही, हे न पाहताच 'पाठविले' असे छापत होतो.

चिन्ह काढताच सूचना दिसली : याच संगणकावर २५ क्रमांकाच्या पोर्टवर मेल-सर्व्हरशी जोडणी होत नाही. म्हणजे ज्या पेटीत मी पत्रे टाकीत होतो, ती पेटी तेथे नव्हतीच.

मग 'पीएचपीमेलर' हे तयार साधन घेऊन जीमेलच्या सर्व्हरशी ५८७ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी केली व संभाषण दाखविण्याची सोय चालू केली. हे संभाषण एसएमटीपी नावाच्या नियमांनी चालते. जोनाथन पोस्टेल यांनी ते १९८२ साली मांडले. सर्व्हर प्रत्येक वेळी तीन अंकी उत्तर देतो. २२० म्हणजे 'तयार आहे', २५० म्हणजे 'मान्य', ३५४ म्हणजे 'मजकूर सांगा'. ४ने सुरू होणारे उत्तर तात्पुरती अडचण सांगते, ५ने सुरू होणारे नकार.

मला ५३५ मिळाले : ओळख पटली नाही. पासवर्ड तर बरोबर होता. कारण वेगळेच निघाले. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी अशा प्रोग्रामांना नेहमीच्या पासवर्डाने प्रवेश देणे बंद केले आहे. खात्याला दुहेरी पडताळणी लावून १६ अक्षरांचा वेगळा ॲप-पासवर्ड घ्यावा लागतो. तो घातला आणि २३५ आले : ओळख पटली. शेवटी २५० आले आणि पत्र गेले.

तरी एक पत्र ५५० क्रमांकासह परत आले. मुलाने पत्त्यात एक अक्षर चुकविले होते. म्हणजे २५० हीसुद्धा केवळ टपाल कचेरीची पावती. पत्र घरी पोचल्याची खूण नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. चूक झाकू नका, ती नोंदवहीत लिहू द्या. सर्वच बदलत बसण्यापेक्षा साखळीची एकेक कडी तपासा : आज्ञा, जोडणी, ओळख, पत्ता. आणि ज्याची खात्री नाही, ते पडद्यावर छापू नका. माझ्या प्रोग्रामात आता 'नोंद झाली. पत्र न आल्यास वाचनालयात चौकशी करावी' असे वाक्य येते.

पुढील स्पर्धेची तारीख त्या मुलीला मी स्वतः पेडण्याला जाऊन सांगणार आहे.