दोन विद्यापीठांची एक पीएचडी

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांची डॉक्टरेट शेतीतली नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा एडिंबरोत एम.ए. झाला, ऑक्सफर्डची डी.फिल. मिळवली आणि बॅरिस्टर होऊन परतला. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो ग्रंथरूपात छापला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली होती, पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर शाळा शिकले अमरावतीत, आणि पीएचडी झाले अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात. विषय, भारतातल्या जातिसंस्थेचा इतिहास. धर्म, जात, चालीरीती यांवर परदेशात जाऊन संशोधन करणं ही वऱ्हाडात नवी गोष्ट नाही. म्हणून मुलगी किंवा मुलगा ‘मला कल्चरल स्टडीजमध्ये परदेशी पीएचडी करायची आहे’ असं म्हणाला, तर घरात लगेच सुतक पाळण्याचं कारण नाही. मात्र नीट चौकशी करण्याचं कारण नक्की आहे.

आधी हा विषय काय ते पाहू. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ मध्ये समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र निघालं, तिथून याला वेगळ्या विद्याशाखेचं रूप आलं. लोक काय वाचतात, काय गातात, कोणते सिनेमे पाहतात, सण कसे साजरे करतात, आणि या सगळ्यात कोणाची सत्ता चालते, कोणाला जागा मिळते, कोणाला मिळत नाही, हे इथे तपासतात. आपल्याकडचं उदाहरण घ्या. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत भरून हजारो तरुण अकोल्यात राजराजेश्वराला आणतात. ही भक्ती आहेच. पण मंडळं कशी बनतात, वर्गणी कोण देतं, कुठल्या वस्तीची कावड किती भरण्यांची, ढोलाचा ताल कुठून आला, मोबाइलवरच्या चित्रणाने उत्सव कसा बदलला, हे विचारायला लागलं की संशोधन सुरू होतं. त्यासाठी साहित्य, इतिहास, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांची हत्यारं एकत्र वापरावी लागतात.

आता ‘जॉइंट’ म्हणजे संयुक्त डॉक्टरेट. दोन विद्यापीठं, दोन मार्गदर्शक, पण प्रबंध एकच. युरोपात याचा जुना मार्ग म्हणजे ‘कोट्यूटेल’: एका विद्यार्थ्यासाठी दोन विद्यापीठं स्वतंत्र करार करतात. कुठे किती महिने राहायचं, फी कोणाला, प्रबंध कोणत्या भाषेत, तोंडी परीक्षा कुठे, सगळं त्या कागदावर ठरतं. दुसरा मार्ग अनेक विद्यापीठांच्या गटाचा. युरोपीय संघाने इरॅस्मस मुंडुस योजनेत अशा संयुक्त डॉक्टरेट काढल्या होत्या. त्यातली ‘कल्चरल स्टडीज इन लिटररी इंटरझोन्स’ इटलीतल्या बर्गामो विद्यापीठाच्या पुढाकाराने चालली आणि दिल्लीचं जेएनयू तिच्यात भागीदार होतं. डॉक्टरेटसाठीची ती योजना आता बंद आहे. तिची जागा ‘मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क’ने घेतली. तिथे विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती नव्हे, नोकरीसारखा करार आणि पगार मिळतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. विषय प्रकल्पाने आधीच ठरवलेला असतो. आणि ज्या देशात नेमणूक होणार, तिथे त्याआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत.

भारतात यूजीसीने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबरच्या संयुक्त पदव्यांचे नियम केले. पीएचडीसाठी दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्हीकडे किमान एकेक सत्र मुक्काम आणि एकच प्रबंध. या नियमांनुसार मिळालेल्या पदवीला वेगळं समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही. मात्र करार करणाऱ्या भारतीय विद्यापीठाला नॅकचे किमान ३.०१ गुण, एनआयआरएफच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात स्थान किंवा ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’चा दर्जा हवा; परदेशी विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्स यादीत पहिल्या हजारात हवं. ‘आमचा फॉरेनशी टाय-अप आहे’ असं कोणी सांगितलं, की पालकांनी हाच प्रश्न विचारावा: करार या नियमांखाली आहे का, आणि त्याची प्रत दाखवता का? दाखवता येत नसेल तर तिथून उठावं. महाराष्ट्रातलं चालू उदाहरण म्हणजे पवईची आयआयटीबी-मोनाश रिसर्च अकॅडमी. तिथे मुंबई आयआयटी आणि ऑस्ट्रेलियातलं मोनाश विद्यापीठ मिळून पीएचडी देतात, पण भर विज्ञान-अभियांत्रिकीवर आहे. संस्कृतीच्या विद्यार्थ्याला बहुधा कोट्यूटेलचीच वाट धरावी लागेल.

माझं ठाम मत असं: विषयाचा पुरावाच दोन देशांत विखुरलेला असेल, तरच संयुक्त पीएचडीच्या मागे लागावं. नुसत्या परदेशी शिक्क्यासाठी दोन विद्यापीठांचे नियम, दोन फॉर्म, दोन कार्यालयं अंगावर घेण्यात अर्थ नाही. आणि या कसोटीवर वऱ्हाडाइतका श्रीमंत प्रदेश शोधूनही सापडणार नाही.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. हिटलरच्या राजवटीत, जगासमोर, गुलाम देशातल्या अमरावतीची मुलं कबड्डी खेळतात! या घटनेची एक बाजू अमरावतीत आहे, दुसरी जर्मनीतल्या दप्तरखान्यांत आणि वर्तमानपत्रांत. शरीर, राष्ट्र आणि खेळ यांवर काम करणाऱ्याला दोन मार्गदर्शक इथे खरोखर लागतील. वऱ्हाडच्या कारभाराचंही तसंच. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाचा राहून इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे आपल्या पणजोबांच्या गावांची कागदपत्रं नागपूर, हैदराबाद आणि लंडन अशी विखुरली. खामगाव-अकोल्याच्या कापसाची गोष्ट इंग्लंडातल्या गिरण्यांशिवाय सांगताच येत नाही.

महानुभावांचं पाहा. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचं चरित्र ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने इंग्रजीत आणलं, १९८४ मध्ये ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलं. जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठातल्या गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या दैवतांवर आयुष्य वाहिलं. हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था १९६२ पासून उभी आहे. महानुभाव साहित्याचे मोठे संशोधक वि. भि. कोलते मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले. आता रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. परदेशी अभ्यासकाला मराठी शिकण्यात वर्षं घालवावी लागतात, मेळघाटातली कोरकू किंवा खेड्यातली वऱ्हाडी तर त्याला फारच दूरची. या बोली तुमच्या मुलांच्या तोंडी आहेत. अर्ज करताना ही आपली सर्वांत मोठी पात्रता आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. गावाकडचं बोलणं लपवायला शिकवणारे आपल्याकडे खूप आहेत.

पैशाचं काय? इथे मी कोणताही आडपडदा ठेवत नाही. पीएचडी स्वतःच्या खर्चाने करू नये. वावर विकून किंवा कर्ज काढून तर मुळीच नाही. पूर्ण निधी मिळाला तर जा, नाही तर वर्षभर थांबा. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत डॉक्टरेटला सहसा शिकवणी शुल्क नसतं, आणि डाड ही जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था कोट्यूटेलसाठी वेगळी शिष्यवृत्ती देते. तिचं माहिती केंद्र पुण्यात आहे. भारतातून सुरुवात करणाऱ्याला नेटची जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ जणांना मिळते. उत्पन्न, गुण आणि विद्यापीठाच्या क्रमांकाच्या अटी बदलत राहतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, यंदाची जाहिरात वाचा.

एक अट मात्र आधीच सांगायला हवी. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये बदल झाला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहे. आपल्याच समाजाचा इतिहास परदेशात अभ्यासण्याची सोय नेमकी त्यांचीच काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं. विषय ठरवण्याआधी या योजनेची चालू मार्गदर्शिका जरूर तपासा.

नोकरीबद्दल पालकांना खोटी आशा देणार नाही. महाविद्यालयांत कायम जागा कमी निघतात, अनेक पीएचडीधारक तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. शिवाय ‘कल्चरल स्टडीज’ नावाचा विभाग आपल्याकडच्या महाविद्यालयांत नसतो. म्हणून एम.ए. मराठी, इंग्रजी, इतिहास किंवा समाजशास्त्र अशा मान्य विषयातच करा आणि त्यात नेट किंवा सेट काढूनच ठेवा. इंग्रजीच्या नेटला तर सांस्कृतिक अभ्यासाचा स्वतंत्र घटकच आहे. जगातल्या पहिल्या ५०० मधल्या विद्यापीठाची पीएचडी असेल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकपदाला नेटशिवायही पात्रता मिळते, पण त्यावर विसंबू नये. बाहेर संग्रहालयं, अभिलेखागारं, प्रकाशन, अनुवाद, माहितीपट आणि परदेशी विद्यापीठांतलं पोस्ट-डॉक्टरल काम आहे. या जागा थोड्या आहेत आणि त्या मिळतात प्रसिद्ध झालेल्या लेखांवर, भाषांवर आणि केलेल्या कामावर.

मुलीच्या पालकांच्या मनात लग्नाचा प्रश्न असतो. बी.ए., एम.ए. आणि चार-पाच वर्षांची पीएचडी धरली तर वय अठ्ठावीस-तीस होतं. हे लपवण्यासारखं नाही. तिच्याशी मोकळेपणी बोला, आणि प्रबंधाच्या मध्यावर ‘आता बस’ म्हणू नका; अर्धवट पीएचडीचा कुठेच उपयोग होत नाही.

बी.ए.ला असलेल्यांनी आत्तापासून करायचं ते इतकंच. एक विषय धरा, आजी-आजोबांच्या, कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा, तारखेसह नोंदी ठेवा. दंडार, खंजिरी भजन, बाळापूरची उर्दू, गाडगेबाबांच्या कीर्तनाच्या आठवणी, जे जवळ असेल ते. इंग्रजी रोज लिहा, जमलं तर जर्मन किंवा फ्रेंचचा पाया घाला. एम.ए. युरोपात करायचं असेल तर ‘युरोकल्चर’ या इरॅस्मस मुंडुस अभ्यासक्रमाची माहिती काढा. त्याच्या भागीदारांत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचंही नाव राहिलं आहे. मार्गदर्शकाला पत्र लिहिण्याआधी त्याची निदान दोन पुस्तकं वाचा. शंभर जणांना एकच मजकूर पाठवणाऱ्याला उत्तर येत नाही, विषयावर नेमका प्रश्न विचारणाऱ्याला येतं. आणि पालकांनो, एक विनंती: होकार-नकार ठरवण्याआधी मुलाला त्याच्या संशोधनाचा विषय घरात सगळ्यांसमोर अर्धा तास समजावून सांगायला लावा, आणि मध्ये न बोलता ऐका.