दुष्फेन पाण्याची परीक्षा

बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही तक्रार परभणीकडच्या विद्यार्थ्यांना नवी नाही. आपल्या पायाखाली बेसाल्टचा काळा खडक आहे. त्यातून कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यात उतरतात आणि साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका बनवतात.

प्रयोगशाळा नसली तरी परीक्षा करता येते. दोन सारख्या बाटल्यांत बोअरचे व पावसाचे पाणी घ्या. साबणाच्या द्रावणाचे दहा-दहा थेंब टाकून हलवा. (धुण्याची पावडर नको, ती दुष्फेन पाण्यातही फेसाळते!) मग बोअरचे पाणी दहा मिनिटे उकळा, निववा, गाळा आणि पुन्हा पाहा. फेस वाढला तर दुष्फेनता बायकार्बोनेटांची. वाढला नाही तर सल्फेट-क्लोराइडांची. भांड्याला बसलेल्या पांढऱ्या पुटावर लिंबू पिळा. बुडबुडे दिसतील, तो कार्बन डायऑक्साइड.